चौथी गवाही

दीपमालाबाईच्या टेबलापाशी कुणी अंगठ्याला शाई लावून घाईनं पुढं झाला, की ती त्याचं मनगट धरून बाजूला सारायची. "थांबा. आधी ऐका, मग अंगठा." मग कागद डोळ्यांसमोर धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. तेलुगूत लिहिलेलं मराठीत सांगायची, समोरचा मुसलमान असला तर उर्दूत. शेवटी एकच प्रश्न, "हे तुमचंच हाय ना?" समोरचा "हौ, माहंच हाय" म्हणेपर्यंत कागद तिच्या हातून सुटत नसे. बस गाठायची असलेली माणसं वैतागायची. जैनथचा एक शेतकरी तर म्हणाला होता, बाई, बोअरचा अर्ज हाय हा, लग्नाच्या मंगलाष्टका नाहीत. बाई म्हणाली, मंगलाष्टका न ऐकता चालते, हा ऐकाच लागते.

आदिलाबादेत तहसील कचेरीच्या समोर मुनीरसेठचं तयार कपड्यांचं दुकान आहे. दुकानाला लागून माडीवर जाणारा जिना, आणि जिन्याच्या पोटात तीन हात जागा. तेवढ्यात बाईचं टेबल, एक बाकडं आणि भिंतीला टांगलेली पिशवी, असा चौदा वर्षांचा संसार. ती अर्जनवीस. लोकांचे अर्ज, फरियादी, तक्रारी लिहिणारी. आता मोबाईलवर अर्ज भरून देणारी पोरं गल्लोगल्ली झाली, तरी बाईचं गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. कारण निजामाच्या काळातले उर्दूतले जमिनीचे कागद वाचणारं माणूस त्या रस्त्यावर दुसरं उरलं नव्हतं. बौद्धाच्या घरातली बाई उर्दू वाचते म्हटल्यावर लोक आधी हसायचे आणि मग चूपचाप कागद पुढं करायचे.

उर्दू तिला बापानं शिकवली. बाप देवाजी तहसिलीत चपराशी होता. दफ्तरं उचलता उचलता एका म्हाताऱ्या मुन्शीकडून तो अक्षरं शिकला, आणि नोकरी संपल्यावर त्याच अक्षरांवर अर्ज लिहून पोट भरलं. हस्ताक्षर असं, की लोक म्हणायचे, देवाजीचा कागद फ्रेम करून ठेवावा. त्यानं पोरीला धंद्याचा एकच नियम घोटून घोटून दिला. "लिहिणाऱ्यानं गवाहीत नाव घालायचं नाही. आपलं नाव फक्त खाली, बारीक. आज गवाह झाली त उद्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवशीन, अन् परवा तुह्यापाशी कोणी येणार नाही." हे तो सांगायला लागला, की घरात राहणारी बयनाआत्या, त्याची बहीण, हातातलं काम टाकून अंगणात निघून जायची. दीपमालाला लहानपणी वाटायचं, आत्याला धंद्याच्या गोष्टींचा कंटाळा असेल.

डिसेंबरातली गोष्ट. कापसाच्या गाड्यांनी रस्ता गच्च भरलेला, आणि बाईच्या बाकड्यावर खैरुनबी येऊन बसली. खैरुनबी म्हणजे मागच्या गल्लीतली, लोकांच्या घरी पापड-शेवया करून देणारी. तिची लेक तस्लीम, तेवीस वर्षांची, तलाक होऊन माहेरी आलेली. मुनीरसेठच्या दुकानासाठी ती फ्रॉक शिवायची. दर हप्त्याला कपड्यांचं गाठोडं घेऊन जिन्यानं वर जायची आणि नवा कपडा घेऊन यायची.

खैरुनबीनं उजवा हात पुढं केला. चार बोटांपैकी दोन दुमडलेली, दोन उभी.

"बाई, दो मिले," ती म्हणाली. "और दो होना."

"काय दोन?"

"गवाह."

मग ती बोलायला लागली, खालमानेनं, एका सुरात. नऊ दिवसांआधी, जुम्म्याला, दुपारच्या नमाजाच्या वेळी तस्लीम गाठोडं घेऊन वर गेली. दुकानातली पोरं मशिदीत गेलेली, शटर अर्धं खाली. वर मुनीरसेठ होता. त्यानं दार लावलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली. पोरगी घरी आली ती मोरीत जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही. आईनं सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मशीद कमिटीच्या मोईजसाहेबांकडं गेली. मोईजसाहेब काही वाईट माणूस नाही. पण अर्धं ज्ञान फार वाईट, आणि ते त्याच्याजवळ भरपूर. तो म्हणाला, शरियतमध्ये अशा गोष्टीला चार गवाह लागतात, स्वतः पाहिलेले. चार आणले नाहीत तर खोटा आळ घेतला म्हणून उलटी तोहमत होते, ऐंशी कोडे, म्हणजे चाबकाचे फटके. तोंड मिटून घरी बस.

तर ही बाई तोंड मिटून बसली नाही. ती चार गवाह शोधायला निघाली. नऊ दिवस, दारोदार! चहावाला खुशाल म्हणाला, हौ, पोरगी अनवाणी रस्ता ओलांडताना मी पाहिली, सांगेन. शेजारची लक्ष्मीबाई म्हणाली, मी तिची फाटलेली बाही पाहिली, मीच पाणी पाजलं, सांगेन. दोन झाले. बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले. आणि त्या नऊ दिवसांत अंगावरचे कपडे धुतले गेले, दवाखाना राहिला, ठाणं राहिलं.

यातलं निम्मं दीपमालाबाईला नऊ दिवसांपासून ठाऊक होतं.

कारण तिनं पाहिलं होतं. त्या जुम्म्याला ती टेबलावरच भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसली होती. तस्लीमनं जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी चपला काढल्या, हिरव्या पट्ट्याच्या, आणि वर गेली. बाईची भाकर झाली, पाणी झालं, एक अर्ज निम्मा लिहून झाला. मग पोरगी उतरली. गाठोडं नाही, ओढणी मुठीत, आणि चपलांकडं न बघताच निघाली. जाता जाता तिनं एकदा बाईकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते बाईनं ओळखलं. खोटं कशाला सांगायचं, ओळखलंच. पण तिनं मान खाली घातली आणि अर्ज पुढं लिहायला घेतला. थोड्या वेळानं मुनीरसेठ खाली आला, डोक्यावर टोपी होती, शटर वर केलं आणि खुशालला चहा सांगितला. संध्याकाळी टेबल आवरताना बाईनं त्या चपला उचलल्या, कुत्रं नेईल म्हणून, आणि पिशवीत टाकल्या. उद्या पोरगी आली की देऊ. पोरगी आली नाही. पिशवी खैरुनबीच्या डोक्यावर, भिंतीलाच टांगलेली होती.

"खैरुनबी," बाई म्हणाली, "ठाण्यात चार गवाह लागत नाहीत. एक बी लागत नाही. तुह्या पोरीचं तोंड हेच गवाही. नवा कायदा घ्या, जुना घ्या, ती खरं बोलून राह्यली असं जजला वाटलं त तेवढ्यावर शिक्षा होते. अन् हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो, गुन्ह्याचा कायदा सगळ्याइले एकच हाय."

खैरुनबीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं काही बाई तिला फसवून राहिली. "वो सरकार का कायदा, बाई. अल्ला के सामने क्या बोलूँ? झूठी ठहरी तो?"

आता याला अर्जनवीस काय सांगणार? कलमं तिला पाठ होती, पण हे कलमात नव्हतं. "मौलवीसाहेबाले विचारू," ती म्हणाली. "मोईजले नाही. अजमतुल्लासाहेबाले." आणि पिशवीबद्दल चकार शब्द काढला नाही.

का नाही काढला? तर जागा मुनीरसेठची. चौदा वर्षांत त्यानं भाड्याचा शब्द कधी काढला नाही. उन्हाळ्यात पंखा लावून दिला, ईदला शीरखुर्मा पाठवला, बाईचा नवरा गेला तेव्हा तीन दिवस दुकान अर्धं बंद ठेवलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, आणि हा तर मासा नव्हे, पाणीच तो. शिवाय पोरगा हर्षदीप. उटनूरला आदिवासी विभागाच्या कचेरीत कच्चा, म्हणजे अजून कायम न झालेला, क्लार्क. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, तू लिहून दे, बस. गवाहीच्या भानगडीत नको पडू. आजोबा काय म्हणत होते?"

आजोबा काय म्हणत होते ते तिला पाठच होतं. घरी जाऊन तिनं बापाची पेटी उघडली. तळाशी एक पिवळा कागद होता. तो तिनं बाप मेल्यावर पहिल्यांदा वाचला होता, आणि परत जागेवर ठेवून दिला होता. आज तिनं तो खिडकीशी नेऊन पुन्हा वाचला. पैनगंगेच्या काठचं त्यांचं गाव, पन्नास वर्षांआधीचं. बयनाआत्या कापूस वेचायला गेली होती आणि मालकाच्या भावानं पऱ्हाट्यांत तिला धरलं. गावानं पंच बसवले. पंचांनी विचारलं, कोणी पाह्यलं? कोणीच नाही. मग राजीनामा झाला, म्हणजे आपसातल्या तोडीचा कागद. दोन्ही बाजूंमध्ये जी गैरसमजूत झाली होती ती दूर झाली, असं त्यात उर्दूत लिहिलं होतं. गैरसमजूत! खाली आत्याचा अंगठा. बाजूला पंचांच्या सह्या, मोजून चार. जिथं ते झालं तिथं एक गवाह मिळाला नाही, राजीनाम्याला मात्र चार मिळाले. आणि अगदी खाली, बारीक, फ्रेम करावी अशा अक्षरात: लेखक देवाजी.

बापाला शिव्या द्याव्या असं तिला वाटलं, आणि देता आल्या नाहीत. मालकाच्या शेतात सगळं घर राबत होतं. घाबरला असेल. घाबरलेल्या माणसानं आपल्या भीतीचा नियम केला आणि पोरीला शिकवला, दुसरं काय.

पण अंगठ्याआधी वाचून दाखवायचं, हा नियम बापाचा नव्हता. तो आत्याचा होता. मरायच्या आधी दोन महिने आत्या अंथरुणावर होती, तेव्हा एक दिवस ती आपला अंगठा बघत म्हणाली होती, "माहा अंगठा घेतला पोरी, पण कागदात काय हाय ते कोणी वाचून नाही दाखवलं." एवढंच. त्या दिवसापासून दीपमालानं वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घेतला नाही. निम्मी शहाणी ती तेव्हाच झाली होती. निम्मी राहिली होती.

तिसऱ्या दिवशी कमिटीचा निरोप आला. मौलवी अजमतुल्लासाहेबांच्या घरी बैठक आहे, दीपमालाबाईंनी कागद-पेन घेऊन यावं, राजीनामा लिहायचा आहे. बाईनं भिंतीवरची पिशवी काढली, झोळीत घातली आणि वर पॅड ठेवलं. का घेतली, हे तिला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मौलवीसाहेब ऐंशीच्या घरातले. गुडघे गेले, म्हणून पहिल्या रांगेच्या टोकाला खुर्ची टाकून नमाज पढायचे. त्यांच्या बैठकीत एका बाजूला मोईजसाहेब आणि कमिटीचा आणखी एक माणूस, दुसऱ्या बाजूला मुनीरसेठ, पांढराशुभ्र, अत्तर लावून. पडद्यामागं मौलवींच्या बायकोपाशी खैरुनबी आणि तस्लीम. बाई सतरंजीवर बसली आणि पॅड मांडीवर घेतलं.

मोईजसाहेबांनी सुरुवात केली. झालं ते झालं, गल्लीची अब्रू आहे, पोरगी तलाकवाली आहे. चार गवाह तर नाहीतच. पण मुनीरसेठ दिलदार माणूस, तो पोरीशी निकाह करायला तयार आहे. दुसरी बायको म्हणून घर देईल. बाई, लिहा.

बाईनं पेनचं टोपण काढलं नाही.

मौलवीसाहेब म्हणाले, "मोईजमियाँ, चार गवाहांची बात तुम्ही कोणत्या मदरशात शिकलात?" आवाज बारीक, पण स्वच्छ. "ती शर्त बाईच्या अब्रूवर बोट दाखवणाऱ्यासाठी आहे. कुणी उठून एखाद्या बाईला बदचलन म्हणायला लागला, तर त्याला चार आणायला सांगितलंय, नाही आणले तर कोडे त्याला. लोकांची तोंडं बंद व्हावी म्हणून. तुम्ही त्यानं फरियादी बाईचंच तोंड बंद केलं. जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्यावर गुनाह नाही, आणि तिनं सांगितलं तर ती तोहमत नाही. रसूलच्या जमान्यात अशीच एक बाई फरियाद घेऊन आली होती. तिला कुणी चार माणसं शोधून आण म्हटलं नाही. काही आलिमांनी, मोठ्या जाणत्यांनी, सख्त लिहिलंय, कुठं कुठं त्यानं बायांचे हालही झाले, ते मी नाकारत नाही. पण मी साठ वर्षं वाचतोय, मला हेच दिसलं. आणि जुर्माची सजा द्यायचं काम या मुल्कात अदालतीचं आहे. कमिटीचं नाही, माझंही नाही."

मग ते पडद्याकडं वळले. "बेटी, निकाह मर्जीशिवाय होत नाही. तुझी मर्जी काय?"

पडद्यामागून तस्लीमचा आवाज आला, कोरडा. "मेरेकू उनके घर में नहीं जाना. मेरी फरियाद लिखो."

मुनीरसेठ शांतपणे म्हणाला, "हजरत, सगळे भावनेत बोलून राहिलेत. ही पोरगी त्या दिवशी आलीच नव्हती. वर मी तरी कुठं होतो? जुम्म्याची नमाज. सारी मशीद माझी गवाह आहे."

चोर तो चोर, वर मशिदीला साक्ष ठेवतो. मौलवीसाहेबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मुनीरमियाँ, अकरा वर्षं झाली, दर जुम्म्याला नमाज झाली की तुम्ही मला हात देऊन खुर्चीतून उठवता. अल्ला त्याचा सवाब, त्याचं पुण्य, तुम्हाला देवो. त्या जुम्म्याला मला हात नव्हता. मी बसून राहिलो. मशीद रिकामी झाल्यावर झाडूवाल्यानं उठवलं." त्यांनी मुनीरसेठकडं पाहिलं. "मला वाटलं होतं, तुम्ही आजारी असाल. मी दुआ केली तुमच्यासाठी."

मुनीरसेठच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. पण तो व्यापारी माणूस होता. "जागा रिकामी होती म्हणजे मी तिथं नव्हतो," तो म्हणाला, "वर होतो असं कुठं झालं? पोरीला जिना चढताना कुणी पाहिलं?"

कोणी पाह्यलं? तोच प्रश्न. पन्नास वर्षांत, धर्म बदलला, कायदा बदलला, प्रश्न तोच. बयनाआत्याच्या पंचांजवळ ना कुराण होतं ना शरियत, तरी त्यांनी हेच विचारलं होतं.

पडदा थोडा सरकला आणि खैरुनबी बाहेर आली. तिनं हात पुढं केला. मौलवीसाहेबांचं म्हणून तिसरं बोट दुमडलं. चौथ्याकडं पाहिलं, आणि मग हात खाली सोडून दिला. "रहने दो बाई," ती दीपमालाबाईला म्हणाली. "मौलवीसाब बोले ना, चार नक्को. तुम लिखो."

झालं. सुटली की बाई. चौथ्याची गरज ना सरकारला होती, ना शरियतला. कुणी तिला विचारलंही नव्हतं. फरियाद लिहून द्यायची, वाचून दाखवायची, खाली बारीक नाव घालायचं आणि उद्या जिन्याखाली जाऊन पंखा लावायचा. तिनं टोपण काढलं, पेन कागदाला लावलं. आणि हात चालेना. पोरीच्या शब्दाला शब्द म्हणून वजन होतं, हे खरं. पण तो शब्द एकटा उभा राहणार, समोर सेठ, सेठचा वकील, आणि तिच्या झोळीत चपला. बयनाआत्या अंगणात निघून जायची ती का, हे तिला कळून बरीच वर्षं झाली होती. आज पहिल्यांदा वाटलं, ती अजून अंगणातच उभी असेल.

बाईनं पेन बंद केलं. झोळीतून पिशवी काढली आणि हिरव्या पट्ट्याच्या चपला सतरंजीवर ठेवल्या.

"मी फरियाद लिहू शकत नाही, मौलवीसाहेब," ती म्हणाली. "लिहिणारा गवाह नसते. दुसऱ्या कोणाले लिहू द्या. मी पाह्यलं. पोरगी चढली ते पाह्यलं, उतरली ते पाह्यलं. अन् तिच्या मागून सेठ उतरले, ते बी पाह्यलं." तिला मुनीरसेठकडं बघायचं नव्हतं, तरी तिनं पाहिलं. "सेठ, तुमचं मीठ खाल्लं मी. म्हणून बारा दिवस गप्प होती. पोरीची चप्पल डोक्यावर टांगून अर्ज लिहीत होती. याचा हिशेब माहाच, तुमचा नाही."

पडद्याखालून एक हात आला. तस्लीमनं चपला आत ओढून घेतल्या नाहीत, नुसता एकीच्या पट्ट्यावर हात ठेवला. "ह्या ठाण्यात द्याव्या लागतीन बेटा," बाई म्हणाली. पोरीनं हात काढून घेतला.

त्याच दुपारी पाच जण ठाण्यात गेले. तस्लीम, तिची आई, लक्ष्मीबाई, खुशाल आणि दीपमालाबाई. मौलवीसाहेब मागून ऑटोनं आले, गुडघ्यांमुळं पायऱ्या चढता आल्या नाहीत, तर हवालदार खाली आला आणि त्यांनी ऑटोत बसूनच आपला जबाब दिला. लेडी एसआय तेलुगू होती, तरुण. तिनं तस्लीमला वेगळ्या खोलीत बसवून सगळं लिहून घेतलं. बाहेर येऊन तिनं आईला विचारलं, इतका उशीर का? खैरुनबी म्हणाली, चार गवाह जमवत होते. एसआयनं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, "अम्मा, पुन्हा कधी कुणावर अशी वेळ आली, तर आधी इथं या. गवाह आम्ही शोधू. ते आमचं काम आहे." दुसऱ्या दिवशी मुनीरसेठला अटक झाली.

त्याच दिवशी दीपमालाबाईचं टेबलही रस्त्यावर होतं. सेठच्या भावानं ते उचलून नालीच्या कडेला ठेवलं होतं, बाकडं वर उलटं. शिवीगाळ केली नाही, एवढं खरं. खुशालनं आपल्या टपरीच्या बाजूला जागा करून दिली. तिथं पंखा नाही, धूर भरपूर. काही गिऱ्हाईक तुटलं. बापानं सांगितलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं. गल्लीतल्या दोन-तीन घरांनी तिच्याशी बोलणं सोडलं. काहींनी ते कधीच नव्हतं तेवढं सुरू केलं. हर्षदीप चार दिवस फोनवर आला नाही. पाचव्या दिवशी स्वतःच आला, छत्रीचं मोठं कापड घेऊन, टेबलावर बांधायला.

दहा महिन्यांनी केस उभी राहिली. आतमध्ये बाहेरच्यांना मज्जाव होता, अशा केसेसना असतोच. तस्लीमचा जबाब दोन दिवस चालला. ती बाहेर यायची तेव्हा ओठ पांढरे पडलेले असायचे. पण ती दोन्ही दिवस गेली. तिनं सांगितलेलं एकही वाक्य वकिलाला फिरवता आलं नाही, असं सरकारी वकीलबाई म्हणाल्या.

मग दीपमालाबाईची पाळी आली. एवढी वर्षं कचेरीसमोर बसून जगलेली बाई, पिंजऱ्यात पहिल्यांदाच उभी राहिली. सेठचा वकील हैदराबादेहून आलेला. तो गोड आवाजात म्हणाला, बाई, तुमचं म्हणणं आहे तुम्ही सगळं पाहिलं. मग बारा दिवस का बोलला नाहीत? तुमच्या जागेचं भांडण होतं ना सेठशी?

बाईला उत्तर तयार ठेवायला सांगितलं होतं. मला कुणी विचारलं नाही, असं म्हणा, सरकारी वकीलबाई म्हणाल्या होत्या. ते खोटंही नव्हतं. बाईनं तोंड उघडलं आणि ते वाक्य आलं नाही.

"भांडण नव्हतं साहेब," ती म्हणाली. "भेव होतं. ती जागा जाईन म्हणून भेव होतं. पोरीनं माह्याकडं पाह्यलं होतं अन् मी मान खाली घालून अर्ज लिहीत बसली. माह्या बापानं बी हेच केलं होतं, माह्या आत्याच्या वेळी. जागा त गेलीच आता. म्हणून आज खरं सांगाले काही राह्यलं नाही भ्यावाचं."

वकिलानं आणखी दोन प्रश्न विचारले आणि बसला. जजसाहेबांनी मान खाली घालून लिहून घेतलं. मग शिरस्त्याप्रमाणं कोर्टाच्या बाबूनं तिचा जबाब तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. तेलुगूत लिहिलेला, मराठीत सांगत, पहिल्या ओळीपासून. बाई उभी राहून ऐकत होती. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचं वाचून दाखवलं होतं. तिचं तिला कुणी वाचून दाखवलं, हे पहिल्यांदाच. "भेव होतं" ते त्यात होतं. आत्या होती. चपला होत्या. गैरसमजूत हा शब्द कुठंच नव्हता.

बाबू थांबला. कागद पुढं केला. "बरोबर आहे का, बाई? तुमचंच आहे ना?"

तिनं बारीक नाही, चांगली मोठी सही केली.

"हौ," ती म्हणाली. "माहंच हाय."